सगळं श्रेय यांचं

ऑगस्टचा शेवटचा रविवार. वेळ सकाळी अकराची, सुरुवात साडेबाराला. स्थळ: पोशीरजवळच्या आमच्या गावातलं, देवळासमोरचं पत्र्याचं सभागृह. हजर: आमचे हे, सासूबाई, भाऊ, म्हणजे ज्यांचा फोटो आमच्याकडच्या प्रत्येक बॅनरवर असतो आणि जे प्रत्येक निवडणुकीला उभं राहायचं की नाही हे ठरवत असतात ते, अध्यक्ष म्हणून हायस्कूलचे निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या बायका, मंडपवाला, कारण त्याला खुर्च्या परत न्यायच्या होत्या, आणि मी. गैरहजर: वीज. निमित्त: मी एम.एस्सी. करायला इंग्लंडला निघाले होते, त्याबद्दल सत्कार.

सत्कार यांचा होता.

"आज लोक बायकोला माहेरी पाठवताना दहा वेळा विचार करतात," भाऊ म्हणाले. वीज नसल्यामुळे माईक नव्हता, पण भाऊंना त्याची गरज कधीच पडली नाही. "आपल्या शेठनी वहिनींना डायरेक्ट इंग्लंडला पाठवलं. याला मोठं मन लागतं."

टाळ्या झाल्या. यांना शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. माझी ओटी भरली: तांदूळ, खण, नारळ. मागे बॅनर होता, त्यावर 'पत्नीस उच्चशिक्षणासाठी परदेशी पाठविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा मजकूर. भाऊंचा फोटो सर्वांत मोठा, त्याखालोखाल यांचा. माझा खाली उजव्या कोपऱ्यात, ओळखपत्रावरून घेतलेला, अटक झाल्यासारखा.

वस्तुस्थिती अशी. खालापूरच्या बाजूला पाण्याचं काम करणारी एक संस्था आहे. तिथे मी बरीच वर्षं विहिरी, टाक्या आणि त्यांचे अहवाल सांभाळते. शिष्यवृत्तीची जाहिरात मी वाचली, अर्ज मी केला, इंग्रजीची परीक्षा मी दिली, मुलाखत मी दिली. निवड झाल्याचं यांना सांगितलं तेव्हा हे कर्जतच्या आमच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानात माल उतरवून घेत होते.

"वर्षभर?" यांनी विचारलं.

"वर्षभर."

"बरं," म्हणाले, आणि परत गोण्या मोजायला लागले. पाठवणं म्हणतात ते एवढंच.

गावाची चिंता वेगळी होती. सभागृहातून निघेपर्यंत मला एकच प्रश्न निरनिराळ्या लोकांनी विचारला: शेठच्या जेवणाचं काय? कोणता विषय, कोणतं विद्यापीठ, कुठे राहणार, थंडी किती, यातलं काही नाही. शेवटी सासूबाईंनीच तो विषय मिटवला.

"अगं, जेवाचं काय विचारता? ही लग्न होऊन आली त्याच्या आदी तो काय उपाशी व्हता? मी हाय ना अजून."

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि जे सगळेच बोलतात ते बोलले. हे सगळं श्रेय यांचं, सासूबाईंचं आणि तुम्हा सर्वांचं, मी निमित्तमात्र. लोकांना बरं वाटलं. मलाही त्यात काही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. ते वाक्य आमच्याकडे खुर्चीसारखं असतं. कार्यक्रमात मांडायचं आणि संपल्यावर उचलून ठेवायचं.

इंग्लंडमधलं गाव लहान होतं, नदीकाठचं. वर्गातली मुलं बाहेरगावी शिकणाऱ्या माझ्या मुलाच्या वयाची. पहिल्या आठवड्यात त्यांना मी शिक्षिका वाटले, दुसऱ्यात वसतिगृहाची देखरेखवाली. सामायिक स्वयंपाकघराची अवस्था पाहून मी साफसफाईची पाळीपत्रिका करून फ्रीजवर लावली होती, त्यामुळे तो समज झाला. गैरसमज दूर करायची घाई मी केली नाही, कारण पाळी सगळे पाळत होते.

पहिला निबंध परत आला तेव्हा समासात एक प्रश्न होता: हे 'आम्ही' कोण?

मी लिहिलं होतं, आम्ही असं म्हणू इच्छितो, आम्हाला असं दिसून आलं. माझे सगळे अहवाल असेच असतात. आमच्याकडे 'मी' लिहिणं म्हणजे पंगतीत स्वतःच्याच पानावर आधी वाढून घेणं. गावात तर बोलतानाही 'आमी जातू, आमी येतू', आणि माणूस एकटा. मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होत्या. त्यांना मी हे समजावलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. पण काम तुम्ही एकट्यानं केलंत ना? मग तसं लिहा." मी नोंद घेतली.

इकडे यांचं बरं चाललं होतं. फोनवर समजत होतं. बचत गटाच्या हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणे हे. शाळेच्या बक्षीस समारंभाला हे. क्रिकेटच्या सामन्यांना नाणं उडवायला हे, 'पत्नीला परदेशी पाठवणारे' म्हणून. प्रत्येक ठिकाणी एक शाल. सुरुवातीला अवघडत होते. संक्रांतीच्या सुमाराला मला विचारलं, भाषणात आणखी काय बोलावं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

"शाली ठेवाला जागा नाय ऱ्हायली गं," सासूबाई मागून ओरडून म्हणाल्या. "एक मी लोणच्याच्या बरणीला बांधली."

मे महिन्यात प्रबंधाच्या कामासाठी मी घरी आले. विषय आमच्याच बाजूचा घेतला होता: सखल भागातल्या भातशेतीच्या गावांत आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांत उन्हाळ्यात विहिरींचं पाणी किती उतरतं, आणि मग बायका पाण्याला कुठे जातात. काम साधं आहे. विहिरीत टेप सोडायची, पाण्याला लागली की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पाणी भरायला आलेल्या बायकांशी बोलायचं, पुढच्या विहिरीवर जायचं.

सोबत हे आले. स्कूटर हे चालवत आणि टेपचं टोक धरत. दुकान दुपारी बंद असतं आणि उन्हात मी एकटी नको, एवढाच हेतू. वाचायचा चष्मा हे घरी विसरत, त्यामुळे आकड्याशी यांचा संबंध आला नाही.

एका वाडीवर विहिरीचा तळ दिसत होता. हंडे घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीनं मला बराच वेळ बघितलं.

"बाय, तू फॉरेनला गेलेलीस ना?"

"हो."

"तिकडं इहिरी नाय?"

"आहेत की."

"मग त्या सोडून आमच्याच इहिरीत कशाला बघतेस? यात हाय काय?"

"काही नाही, तेच लिहून घेतेय."

"म्हंजे पानी नाय हे लिवून तुला पास करनार?" ती हसली. मग यांच्याकडे वळली. "आनि दादा, तुमी काय करता?"

"मी टेप धरतो," हे म्हणाले.

"बरं हाय. धरा घट्ट."

जूनच्या मध्याला मी परत गेले आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर पाहते तर पानोपानी पुन्हा 'आम्ही'. आम्ही टेप सोडली, आम्ही बायकांना विचारलं. सवय जात नाही. एकेक शोधत बसायला वेळ नव्हता. संगणकाला सांगितलं, जिथे जिथे 'वी' असेल तिथे 'आय' कर. त्यानं निमूटपणे केलं. फक्त इंग्रजीत विहिरीचा शब्दही त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. 'वेल'च्या जागी 'इल' झालं. पोशीरपासून डोंगरापर्यंतच्या माझ्या सगळ्या विहिरी एका झटक्यात आजारी पडल्या. त्यांना बरं करण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला.

शेवटी ऋणनिर्देशाचं पान राहिलं. तो आमच्या प्रांतातला प्रकार. त्यासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही. नेहमीचं वाक्य नीट इंग्रजीत उतरवलं. या प्रबंधाचं संपूर्ण श्रेय माझ्या पतीचं आहे. सासूबाई आणि गावकऱ्यांशिवाय हे काम झालंच नसतं. मी केवळ निमित्त आहे. आणि प्रबंध देऊन टाकला.

दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. गावाकडून बॅनरचा फोटो आला. भाऊंनी निवडणूक लढवायची ठरवलेली दिसत होती, कारण या वेळी बॅनर कर्जत स्टेशनबाहेर होता. 'एम.एस्सी. (इंग्लंड) उत्तीर्ण झाल्याबद्दल', असं होतं आणि त्याखाली यांचं नाव. निकाल अजून लागायचा होता. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठाचं पत्र. परीक्षार्थींच्या प्रामाणिकपणाची काळजी वाहणारं एक खातं तिकडे असतं. माझा प्रबंध दुसऱ्या कुणी लिहिल्याचा संशय आहे, खुलाशासाठी हजर राहावं, दोषी ठरल्यास पदवी मिळणार नाही.

पुरावा माझ्याच सहीचा होता.

समोर तिघं होते, सभ्य आणि गंभीर. पाण्याचे पेले मांडलेले. मधल्या गृहस्थांनी ऋणनिर्देशाचं पान माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही लिहिलंय की संपूर्ण श्रेय पतीचं. त्यांनी कोणती प्रकरणं लिहिली?"

"एकही नाही. त्यांचं सिमेंटचं दुकान आहे."

"मग संपूर्ण श्रेय?"

"ते म्हणायची पद्धत आहे."

"म्हणजे ते विधान खरं नाही?"

हो म्हटलं तर मी प्रबंधात खोटं लिहिलं, नाही म्हटलं तर प्रबंध यांनी लिहिला. दोन्हीकडून पदवी जात होती.

"ते खरं नाही आणि खोटंही नाही," मी म्हटलं. "पत्राच्या शेवटी तुम्ही 'आपला विश्वासू' लिहिता, तसं आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डाव्या बाजूच्या बाई थोड्या हसल्या असाव्यात. त्यांनी विचारलं, "पतींचा या कामात काहीच सहभाग नव्हता?"

"त्यांनी टेपचं टोक धरलं."

"आकडे वाचले?"

"चष्मा घरी होता."

हे त्यांनी लिहून घेतलं. माझी वही, विहिरीवरचे फोटो, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण सगळं मी तारखेवार लावून नेलं होतं. ते त्यांनी पाहिलं, खूप पाहिलं, आणि शेवटी म्हणाले की एवढं असलं तरी लेखी विधान खोडायला लेखी विधान हवं. ज्यांना मी श्रेय दिलं त्यांनी आपला सहभाग काय होता ते सहीनिशी कळवावं. इंग्रजीत, आणि भाषांतर मी करायचं नाही.

मी यांना फोन लावला.

"अहो, एक पत्र हवंय. माझ्या अभ्यासात तुम्ही काही केलं नाही, असं."

"असं कसं लिहू?"

"का? काय केलंत?"

"तसं नाही गं. पण भाऊंनी स्वागताचा मोठा कार्यक्रम ठेवलाय. जिल्ह्याचे लोक येणार. माझं भाषण आहे. आणि सहीनिशी लिहू की मी काही केलं नाही? उद्या ते पत्र कुणाच्या हाती लागलं तर?"

"ते इंग्लंडमधल्या कपाटात राहणार आहे."

"आजकाल सगळं फिरतं."

"अहो, पत्र नसेल तर पदवी नाही. मग बॅनरचं काय करायचं ते तुम्ही आणि भाऊ बघा."

मागे सासूबाई होत्या. घरात फोन स्पीकरवरच असतो. "लिव रं बाबा," त्या म्हणाल्या. "खरं तेच तर लिवायचं हाय. त्याला काय एवडा इचार?"

यांनी मराठीत लिहिलं आणि भाषांतराला गुरुजींकडे गेले. गुरुजींनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं आणि अशा संधीची वाट बघत होते. मराठीतल्या चार ओळींचं इंग्रजीत एक भरगच्च पान झालं. हे ते घेऊन दुकानात आले आणि चष्मा लावून वाचायला बसले. बिलांवरचं इंग्रजी यांना येतं. एका शब्दावर अडले आणि मला फोन केला.

"स्क्विरल म्हणजे काय?"

"खार. का?"

"गुरुजींनी लिहिलंय की तुझ्या प्रबंधात माझा खारीचा वाटा आहे."

मी खुर्चीत बसले. ते पत्र गेलं असतं तर खातं पुढच्या सुनावणीला खारीची चौकशी करणार, आणि तिचा वाटा किती पानांचा ते विचारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "ते काढा," मी म्हटलं.

"गुरुजी म्हणतात, वाईट दिसेल. एवढंही नको म्हणायचं का?"

"काही म्हणायचं नाही. तुम्ही जे मराठीत लिहिलंत तेवढंच."

हे पुन्हा गुरुजींकडे गेले. तिथे काय झालं ते यांनी मला सांगितलेलं नाही, पण गुरुजी पुढे काही दिवस यांच्याशी तुटकपणे बोलत होते, आणि पत्र चार ओळींचं आलं. 'मी टेप धरली. आकडा तिने वाचला आणि तिनेच लिहिला. पुस्तक मी वाचलेलं नाही. मी तिला पाठवलं असं सगळे म्हणतात, पण मी पाठवलं नाही, ती गेली.'

शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती. मी ते पत्र खात्याकडे पाठवायच्या आधी जरा वेळ तसंच उघडं ठेवलं.

आठवड्याभरात उत्तर आलं. आक्षेप मागे घेतला आहे. ऋणनिर्देशाचं पान काढून टाकावं, किंवा वस्तुस्थितीला धरून पुन्हा लिहावं. निकाल लागला, पास झाले. मुदत संपत आली होती, म्हणून मी पान काढून टाकलं. प्रबंध बांधून आला तेव्हा त्या जागी एक कोरं पान होतं. बांधणाऱ्यानं जागा सोडली होती.

स्वागत ठरल्याप्रमाणे झालं. हजर तेच, शिवाय जिल्ह्याचे लोक. या वेळी जनरेटर होता. भाऊंनी यांना शाल पांघरली, मला ओटी मिळाली, आणि यांना बोलायला उभं केलं. खिशात भाषणाचा कागद होता, मी तो पाहिला होता. यांनी तो काढला नाही.

"हिला मी पाठवलेलं नाही," हे म्हणाले. "ती तिची गेली. अभ्यास तिनं केला. मी फक्त टेप धरली."

यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, चला, एकदाचं झालं.

मग भाऊ उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. "बघा. याला म्हणतात नम्रता. एवढं मोठं काम करून माणूस म्हणतो, मी काही केलं नाही." टाळ्या थांबेनात. गुरुजींनीही वाजवल्या, शेवटी आपलाच विद्यार्थी. जिल्ह्याच्या पाहुण्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून यांना घातली. हे दोन शालींत उभे राहून सांगत होते, "अहो नाही, खरंच नाही," आणि प्रत्येक 'नाही'ला टाळ्या वाढत होत्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी प्रबंध मागून घेतला. वाचता येत नसलं तरी वजन बघितलं, पानं चाळली. कोऱ्या पानाशी थांबल्या.

"इथं काय?"

"तिथं कुणाची किती मदत झाली ते लिहायचं होतं, आई."

"मग माजं नाव कुटं हाय? वर्सभर तुज्या नवऱ्याला जेवाला कोन घालत व्हतं?"

"लिहायचंय अजून. या वेळी खरं तेवढंच लिहायचं आहे."

"खरं म्हंजे काय? लिव ना, सासूनं जेवाला घातलं. त्याला येळ किती लागतो?"

त्यांचं बरोबर आहे. वाडीवरच्या त्या बाईला एक प्रत द्यायची आहे, पाणी नाही हे लिहून खरंच पास करतात हे दाखवायला. ती प्रत मी अडवून ठेवली आहे, कारण ते पान भरल्याशिवाय ती द्यायची नाही असं ठरवलं आहे. यांनी टेप धरली, सासूबाईंनी जेवायला घातलं, गुरुजींनी खार काढली, इतकं कच्चं लिहून झालं आहे. यांच्या नावापुढे टेपनंतर त्या चार ओळींच्या पत्राबद्दल आणखी एक ओळ हवी. ती दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा सत्कारासारखी झाली, म्हणून खोडली. आता घरच्या फ्रीजवरही मी कामांची यादी लावली आहे, तिच्यातल्या बाकी सगळ्या कामांवर रेघ मारून झाली आहे. एवढं एक राहिलं आहे.